होडी विकू का? मालवण किनाऱ्यावरच्या एका तरुणाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "मी 27 वर्षांचा. मालवण तालुक्यात अगदी किनाऱ्यावर घर. वडिलांची फायबरची छोटी होडी आहे, गिलनेट मारतात. आजोबा रापणीत होते. आई बाजारात मासे विकते. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून दोन वर्षं पुण्यात नोकरी केली आणि परत आलो. मासळी कमी झालीय, खर्च भागत नाही. किनाऱ्यालगतच्या आमच्या जागेला बाहेरचा एक जण चांगला भाव देतोय. वडील म्हणतात, होडी विकू, वर कर्ज काढू आणि दुसऱ्या तुकड्यावर चार खोल्या बांधू. समुद्रावर राहून आता काही भवितव्य आहे का?"

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. जागा विकू नकोस. होडी निदान एक हंगाम तरी ठेव. चार खोल्यांसाठी आत्ता कर्ज काढू नका. भवितव्य आहे, पण ते एका धंद्यात नाही. होडी, आईची पाटी, तुझा डिप्लोमा आणि घरातली एक खोली, हे सगळं जोडून घर चालेल. हे जोडता येतं ते तुम्ही किनाऱ्यावर आहात म्हणून. किनारा सुटला की उरतं फक्त चाकरीचं गणित, आणि ते तू पुण्यात करून आलायस.

मी 24 वर्षं सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मच्छिमार सोसायट्या आणि बचत गटांबरोबर काम करते. तू माझ्या मुलाच्या वयाचा, म्हणून अरे-तुरे करते.

'मासळी संपली' असं सगळेच म्हणतात. त्या दोन शब्दांत निरनिराळी दुखणी एकत्र कोंबलेली असतात. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या नोंदींप्रमाणे 2019 मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर फक्त 2.01 लाख टन मासळी उतरली, 45 वर्षांतला नीचांक. त्या वर्षी क्यार आणि महा ही दोन वादळं ऐन हंगामात, ऑक्टोबरच्या अखेरीला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला, पाठोपाठ आली. होड्या बंदरातच उभ्या राहिल्या. म्हणजे त्या आकड्यात न मिळालेली मासळी आहे तसेच न गेलेले दिवसही आहेत. तुझ्या वडिलांना विचार, 15 वर्षांपूर्वी ते हंगामात किती दिवस समुद्रात जायचे आणि आता किती. 2009 चं फयान, 2020 चं निसर्ग, 2021 चं तौक्ते. आमच्या तरुणपणी अरबी समुद्रात वादळ म्हणजे अपवाद असायचा. समुद्र तापतोय, आणि त्याचा पहिला फटका लहान होडीला बसतो. मोठा ट्रॉलर वाऱ्याचा अंदाज घेऊन दुसऱ्या बंदराला लागू शकतो, तुमची होडी वाळूवर ओढून ठेवावी लागते. बुडालेल्या दिवसांची भरपाई कोणी देत नाही.

दुसरं दुखणं जाळ्यांचं. तुझ्या आजोबांच्या रापणीबद्दल थोडं लिहिते, कारण तुझ्या पिढीने ती बहुधा पर्यटकांसाठी ओढतानाच पाहिली असेल. होडीतून जाळं सोडत अर्धगोल करायचा, दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणायची आणि पन्नास-शंभर माणसांनी ओढायचं. जाळं एकाचं नसायचं, तुकडे जोडून तयार व्हायचं. ज्याचा तुकडा त्याला वाटा, ओढणाऱ्याला वाटा, आणि म्हातारी माणसं, विधवा बायका दोरीला नुसता हात लावायला आल्या तरी टोपलीत चार बांगडे घेऊन घरी जायच्या. कागदाशिवाय चालणारी ती सहकारी संस्था होती. तिची एकच अट होती, मासा किनाऱ्याजवळ यायला हवा. मोठ्या बोटींचं पर्ससीन जाळं ती अटच मोडतं. सोनारवर, म्हणजे पाण्याखालचा मासा दाखवणाऱ्या यंत्रावर, थवा दिसला की जाळ्याचा गोल वेढा पडतो, खालची दोरी ओढली की बटव्यासारखं तोंड मिटतं, आणि किनाऱ्याकडे निघालेला बांगडा आणि तारली तिथेच थांबते. पुढे एलईडी दिवे आले. रात्री प्रखर उजेड पाडून लहान-मोठं सगळं गोळा करायचं.

याविरुद्ध कायदा नाही असं नाही. 5 फेब्रुवारी 2016 च्या अधिसूचनेने पर्ससीनचा काळ सप्टेंबर ते डिसेंबर एवढा ठेवला, आणि परवाने टप्प्याटप्प्याने 182 पर्यंत खाली आणायचं ठरलं. त्यामागे पर्ससीनचे परिणाम तपासणाऱ्या सोमवंशी समितीचा अहवाल होता आणि पारंपरिक मच्छिमारांची कित्येक वर्षांची आंदोलनं होती. 2017 मध्ये केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी घातली. 1981 चा राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा 2021 मध्ये दुरुस्त झाला, दंड लाखांत गेला. 2025 च्या जानेवारीपासून ड्रोनने पाहणी सुरू झाली. तरी रात्री क्षितिजावर दिवे दिसतात, आणि ते पाहून तुझ्या वडिलांचं रक्त तापतं, हे मला माहीत आहे. त्या रागाला मी एकच काम लावायला सांगते: तारीख, वेळ, जीपीएसवरची जागा, दिसली तर नौकेची नोंदणी, आणि सोसायटीच्या लेटरहेडवर तक्रार, प्रत्येक वेळी. मधल्या समुद्रात जाऊन होड्या अडवू नका. मी असे प्रसंग पाहिलेत. त्यात गुन्हे नोंद झाले ते लहान होडीवाल्या पोरांवर, आणि ती पोरं वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा करत राहिली.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे आणि आपण ती बोलत नाही. गिलनेट हे मुळात निवडून मारणारं जाळं आहे. आस, म्हणजे जाळ्याचं भोक, मोठा ठेवला तर लहान मासा पार निघून जातो. 2023 मध्ये सरंगा, म्हणजे पापलेट, राज्यमासा ठरला, आणि त्याच वर्षी 54 जातींची किमान लांबी सरकारने ठरवून दिली. सरंग्याची 135 मिलिमीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या पंजाहून लहान. एवढं लहान पिल्लूसुद्धा बाजारात ढिगाने विकलं जातं. ते विकत न घेणारी आणि न मारणारी गावं उद्या भाव मागू शकतात, 'आमचा मासा पूर्ण वाढीचा, आदल्या रात्रीचा, अमुक होडीचा' असं सांगून. मुंबई-पुण्यातला गिऱ्हाईक त्यासाठी जास्त पैसे मोजतो. आज ते पैसे मधल्या माणसाकडे राहतात, कारण होडीचं नाव पेटीबरोबर जात नाही.

आता होडीकडे ये. वडील म्हणतात खर्च भागत नाही. खरंच असेल. पण वही आहे का? मी ज्या घरांत बसून हिशेब केलाय, त्यांतल्या बहुतेकांना इंधनाचा खर्च तोंडपाठ असायचा आणि जाळ्याचा अजिबात नाही. केंड मासा जाळी कुरतडून टाकतो, त्याची भरपाई दर महिन्याला करावी लागते, आणि ती बाई किंवा म्हातारा घरी बसून करतो म्हणून तो खर्च कोणी धरत नाही. या हंगामात एक वही घाल. रोजचं इंधन, बर्फ, खलाश्याचा वाटा, जाळ्याची दुरुस्ती, कुठला मासा किती किलो, बंदरावर काय भाव मिळाला. आणि शेवटच्या रकान्यात, तोच मासा आईने बाजारात विकला असता तर काय मिळालं असतं. हा शेवटचा रकाना लोक लिहीत नाहीत. मला मात्र प्रत्येक गावात उत्तर तिथेच सापडलं.

कारण बऱ्याच होड्या तोट्यात जातात त्या समुद्रात नव्हे, धक्क्यावर. पावसाळ्यात इंजिनासाठी, लग्नासाठी, जाळ्यासाठी व्यापाऱ्याकडून आगाऊ रक्कम घेतलेली असते. मग हंगामभर मासा त्यालाच द्यायचा, त्याच्या भावाने. व्याज कुठे लिहिलेलं नसतं, ते किलोमागे कापलं जातं. तुझ्या घरी अशी आगाऊ रक्कम आहे का, वडिलांना शांतपणे विचार. असेल तर पहिलं काम ती फेडायचं. 2018-19 पासून किसान क्रेडिट कार्ड मच्छिमारांनाही मिळतं, वेळेत फेडलं तर व्याज 4 टक्के पडतं. 2025 च्या एप्रिलमध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, त्यामुळे बँकेच्या दारात उभं राहताना एक आधार आहे. कागद जमवायला दोन-तीन महिने लागतात. 1 जून ते 31 जुलै बंदीचा काळ आहे, तेव्हा होडी वर असते आणि माणूस मोकळा असतो. नारळी पौर्णिमेपर्यंत कार्ड हातात आलं तर नवा हंगाम व्यापाऱ्याच्या पैशाशिवाय सुरू होईल.

तू आईचा उल्लेख अर्ध्या वाक्यात केलास. माझ्या मते तुझ्या घराचा सगळ्यात भक्कम धंदा तिचा आहे, म्हणून इथे जास्त थांबते.

तिला भाव कळतो, गिऱ्हाईक कळतं, उधारी कोणाला द्यायची आणि कोणाला नाही हे कळतं. पण सोसायटीचं सभासदत्व वडिलांच्या नावावर, होडी वडिलांच्या नावावर, डिझेलचा परतावा होडीच्या नावावर. सरकारदरबारी ती 'मच्छिमाराची बायको' आहे, मच्छिमार नाही. मासा किनाऱ्याला लागल्यावर पुढची जवळजवळ सगळी कामं बायका करतात, निवडणं, खारवणं, सुकवणं, विकणं, आणि बाजारात तिला बसायला सावली नसते, हात धुवायला नळ नसतो, दिवसभर लघवीला जायला जागा नसते. तिशीत मूत्रमार्गाचा त्रास सुरू झालेल्या किती बायका मी दवाखान्यात नेल्यात. पाणी प्यायचंच नाही, हा त्यांचा उपाय. किनाऱ्याच्या विकासाचे मोठे आराखडे वाचताना मला प्रत्येक वेळी ते आठवतं.

बर्फापासून सुरुवात कर. आपल्या हवेत बांगडा दोन-तीन तास उघडा राहिला की पोट फुटायला लागतं आणि दुपारी त्याचा भाव निम्म्यावर येतो. नियम सोपा आहे, जेवढा मासा तेवढा बर्फ, आणि तो होडीतच, जाळ्यातून काढल्याबरोबर. एक चांगली जाड भिंतीची शीतपेटी होडीत आणि एक आईजवळ. या दोन पेट्यांनी जेवढा फरक पडलेला मी पाहिलाय तेवढा मोठ्या योजनांनी पडलेला पाहिला नाही. आई संध्याकाळपर्यंत थांबू शकते. दुपारी मिळेल त्या भावाला विकायची सक्ती सुटते.

दुसरं, सुकवणं. वाळूवर सुकवलेल्या बांगड्यात वाळू येते आणि भाव जातो. बांबूचे मांडव घालून, वर जाळी टाकून सुकवला तर तोच माल गणपतीत चाकरमानी हसत घेऊन जातात. पावसाळ्याचे दोन महिने घर चालवायचं ते याच डब्यांनी. तिसरं, गावातल्या खानावळी. तारकर्ली-मालवण पट्ट्यात हंगामात किती ताटं उठतात ते तुला माहीत आहे. मी पाहिलेल्या कितीतरी खानावळींत त्या ताटातला मासा बाहेरून पेटीत येतो, कारण मालकाला रोज ठराविक वजन आणि साफ केलेले तुकडे हवे असतात आणि ते वेळेवर देणारं गावात कोणी नसतं. पाच-सहा बायकांनी मिळून, स्वच्छ ओटा, बर्फ आणि वजनकाटा घेऊन हे करता येतं. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बायकांच्या नावावर प्रकल्प असेल तर अनुदान 60 टक्के आहे, इतरांना 40. पण एक लक्षात ठेव, अनुदान मागाहून येतं, पैसे आधी घालावे लागतात, म्हणून अनुदान वजा करूनच हिशेब मांडायची चूक करू नका. आणि नावावर म्हणजे सहीपुरतं नको, खातंही तिचं आणि निर्णयही तिचा.

आता खोल्यांबद्दल. पर्यटनाने मालवणात पैसा आला हे नाकारून चालणार नाही. स्कूबा, स्नॉर्केलिंग, होडीच्या फेऱ्या यांतून मच्छिमारांच्या पोरांना काम मिळालं, आणि ज्या सागरी अभयारण्याला 1987 पासून गावांनी विरोध केला त्याच खडकांवरचं प्रवाळ बघायला आता लोक येतात. पण तुमच्या चार खोल्यांचं गणित मला तीन ठिकाणी अडताना दिसतं.

एक, हंगाम. पर्यटक ऑक्टोबर ते मे येतात, मासेमारीही तेव्हाच. खोल्या कोण झाडणार, जेवण कोण करणार? आईच. म्हणजे तिची पाटी सुटणार. वडिलांच्या हिशेबात तिची मजुरी शून्य धरली असणार, खात्रीने सांगते.

दोन, पाणी. किनाऱ्यावरच्या वाळूत गोडं पाणी हे खाऱ्या पाण्यावर तरंगतं, ताकावर लोणी तरंगावं तसं. हिशेब असा की समुद्रपातळीच्या वर जेवढं गोडं पाणी उभं असेल त्याच्या साधारण 40 पट ते खाली असतं. उलट बाजूने बघ, पंप लावून विहिरीची पातळी एक फूट कायमची खाली नेली तर खालून खारं पाणी 40 फूट वर यायला बघतं. चार खोल्या, चार न्हाणीघरं, शॉवर. शेजारी दुसऱ्याच्या सहा खोल्या. आणि त्याच वाळूत सगळ्यांचे शोषखड्डे. मे महिन्यात पाणी मचूळ लागायला लागलं की टँकर येतो, आणि त्या टँकरचं बिल कोणी कर्जाच्या अर्जात धरलेलं नसतं. शेजारच्या माडाला आणि म्हाताऱ्या बाईच्या विहिरीला जे होतं ते तर कुठल्याच हिशेबात येत नाही.

तीन, कायदा. 2019 च्या सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेत ग्रामीण भाग दोन गटांत टाकलाय. दाट वस्तीच्या, म्हणजे 2011 च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त लोक असलेल्या भागात भरतीरेषेपासून 50 मीटर बांधकामबंदी, बाकीच्या ठिकाणी 200 मीटर. तुमचा दुसरा तुकडा भरतीरेषेपासून किती आहे ते मंजूर नकाशावर बघितल्याशिवाय दगडही आणू नका. बांधून झाल्यावर नोटीस आलेली घरं मी पाहिलीत, त्यांचे हप्ते थांबत नाहीत. पण त्याच अधिसूचनेत स्थानिकांना, मच्छिमारांनाही, आहे त्या घरात, घराचा आराखडा आणि दर्शनी भाग न बदलता, पाहुणे ठेवायची मुभा आहे. म्हणून म्हणते, एक खोली. पडवीची बाजू नीट कर, स्वच्छ संडास बांध, निवास-न्याहारीची नोंदणी कर. एका हंगामात कळेल की हे काम तुमच्या घराला झेपतं का आणि आवडतं का.

पाहुणा घरात येऊन गावाचा फायदा होतो याचं एक उदाहरण जवळच आहे. मंडणगड तालुक्यातलं वेळास. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपायला सुरुवात केली. अंडी माणसंही नेत, कोल्हेही नेत. पुढे पिल्लं समुद्रात सोडताना बघायला लोक येऊ लागले, कासव महोत्सव सुरू झाला, आणि पाहुणे उतरले ते गावकऱ्यांच्या घरांत. मोठं हॉटेल आधी आलं असतं तर किनाऱ्यावर दिवे आले असते, आणि दिव्यांनी पिल्लं भरकटतात, ती समुद्राऐवजी उजेडाकडे चालतात. तसंच वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडी वल्हवत कांदळवनाची सफर घडवतात. त्यांनी नवीन काही बांधलं नाही. खाडी होती, तिवर होते, होडी हाकायचं कसब होतं.

कांदळवनावरून माझी एक चूक सांगते, तुझ्या उपयोगाची आहे. खाडीत कुंपण घालून खेकडे वाढवायचे, याचा मी काही वर्षांपूर्वी एका गटाकडे फार आग्रह धरला. कल्पना चांगली आहे, कांदळवन न तोडता उत्पन्न मिळतं, सरकारची 2017 पासून त्यासाठी योजनाही आहे. आम्ही बीज, म्हणजे खेकड्याची पिल्लं, सोडलं. पण खेकडा कात टाकतो तेव्हा मऊ असतो आणि शेजारचा खेकडा त्याला खातो. लहान-मोठे वेगळे करणं, लपायला आडोसे देणं, यात आम्ही कमी पडलो, निम्म्याहून जास्त गेले. जे उरले ते तयार झाले तेव्हा माझ्याकडे घेणारा नव्हता. स्थानिक बाजारात कुर्ल्यांचा जो भाव मिळाला त्यात खाद्याचा खर्चही निघाला नाही. बायकांनी मला बोल लावला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. त्यानंतर मी एक नियम केला: घेणारा आधी, बीज मागाहून. जिताडा असो, कालवं असो, खेकडा असो, कोणी नवी योजना घेऊन आला की त्याला पहिला प्रश्न हाच विचार, माल कोण घेणार आणि लेखी देईल का.

तुझ्या डिप्लोमाचा कोणी विचार केलेला दिसत नाही. किनाऱ्यावर आउटबोर्ड इंजिनं किती वाढलीत बघ, आणि ती नीट दुरुस्त करणारी माणसं किती आहेत ते मोज. ऐन हंगामात इंजिन बंद पडलं की चार-पाच दिवस होडी वाळूवर पडून राहते. पर्यटनाच्या होड्यांना तीच इंजिनं. बंदीच्या दोन महिन्यांत सगळ्या गावाची इंजिनं उघडायची असतात, तेव्हा तुझ्याकडे रांग लागेल. शीतपेट्या, बर्फाची यंत्रं, सौर दिवे, हे सगळं तुझ्याच कामात येतं. कंपनीचं प्रशिक्षण घे, सुटे भाग ठेव, पडवीत सुरुवात कर. चार खोल्यांच्या कर्जाच्या दहाव्या हिश्शात हे उभं राहतं. आणि आठवड्यातून दोनदा तरी वडिलांबरोबर समुद्रात जा. कुठल्या खडपाला कोणतं नाव, किनाऱ्यावरची कुठली दोन झाडं एका रेषेत आली की खाली खडक लागतो, भांगाच्या दिवसांत, भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, जाळं कुठे टाकायचं, हे कोणत्याही नकाशावर नाही. ते वडिलांकडे आहे. बऱ्याच मोठ्या बोटींवर आज खलाशी नेपाळहून येतात. ती मेहनती पोरं आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण आपल्या समुद्राची नावं आपल्या पोरांना ठाऊक नसली तर ती सांगणारं दुसरं कोणी नाही. एक छोटी गोष्ट वडिलांना आठवण करून दे: जाळ्यात कासव किंवा डॉल्फिन आलं आणि जाळं कापून सोडलं तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी फोटो लागतो. पुष्कळ जण सोडतात, पण फोटो काढत नाहीत.

आता जागा. देवबागला जाऊन ये. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर गाव. तिथले लोक तुला सांगतील, अमुक माड कुठे होता, त्याच्या पुढे अंगण कुठे होतं. वाळू स्थिर नसते. पावसाळ्यात लाटा ती ओढून नेतात, नंतर परत आणून टाकतात. या देवाणघेवाणीत कोणी दगडी बंधारा घातला की त्याच्यामागचं घर वाचतं आणि बंधारा संपतो तिथल्या शेजाऱ्याची धूप वाढते. म्हणून तो शेजारीही बंधारा मागतो. दगड घालून घालून पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, संपली की होडी ओढायला जागा राहत नाही. जे घर होडीसाठी किनाऱ्यावर बांधलं, त्याच्यासमोरून होडीच हद्दपार होते. जिथे पुळणीवर वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल आणि वाळूचे उंचवटे शाबूत आहेत तिथे ते सपाट करून देऊ नका, कोणी कितीही सुंदर बगिचा आखून दिला तरी.

तुमच्या जागेचा खरेदीदार हेच करणार. आधी कुंपण घालणार. मग तुमच्या मागच्या चार घरांची वाट बंद होईल, मासे सुकवायची जागा 'खासगी' होईल, होड्या ओढायला रात्री दहानंतर मनाई होईल. भाव तुला एकट्याला मिळेल, वाट सगळ्या वाडीची जाईल. हे मी वाईट हेतूचा आरोप म्हणून लिहीत नाही, विकत घेतलेल्या जागेत माणूस कुंपण घालतोच. याच्यावर उपाय आहे. किनारा व्यवस्थापनाच्या नकाशात मच्छिमारांच्या वस्त्या आणि त्यांच्या सामायिक जागा दाखवणं अपेक्षित आहे. तुमच्या गावचा नकाशा काढा, त्यात होड्या ओढायची जागा, सुकवण्याची जागा, किनाऱ्याला जायच्या वाटा आहेत का बघा. नसतील तर ग्रामसभेचा ठराव करून, मोजमाप आणि फोटो जोडून मागणी करा. हे कंटाळवाणं काम आहे आणि दोन-तीन वर्षं लागतील.

असं केल्याने होतं काय, असं तू विचारशील. राज्यात 2010 च्या मोजणीप्रमाणे 456 मच्छिमार गावं आहेत आणि प्रत्येकापुढे काही ना काही उभं आहे. डहाणूत वाढवण बंदर, ज्याची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 ला झाली आणि ज्यात समुद्रात 1448 हेक्टर भराव आहे, तिथल्या लोकांची लढाई तुमच्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. पण मुंबईत वरळी कोळीवाड्याने कोस्टल रोडच्या दोन खांबांमधलं अंतर 60 मीटरवरून 120 मीटर करून घेतलं, एवढ्या मोठ्या प्रकल्पाचा आराखडा बदलायला लावून. मागणी 200 मीटरची होती, तेवढं मिळालं नाही. तरी जेवढं मिळालं ते मिळालं कारण त्या धक्क्यावरून होड्या रोज जात होत्या, आणि जाणाऱ्या होड्या कोणाला नाकारता आल्या नाहीत. होडी बंद पडलेल्या गावाला हे बोलता आलं नसतं. तुमची होडी या हंगामात तोट्यात असली तरी ठेव म्हणते, त्याचं मोठं कारण हे आहे.

एक हंगाम वही लिहून झाल्यावरही तोटाच दिसला, व्यापाऱ्याची आगाऊ रक्कम फेडूनही आणि मासा आईने विकूनही, तर होडी विक, तेव्हा मी अडवणार नाही. लहान होडी पुन्हा घेता येते. किनाऱ्याची जागा पुन्हा घेता येत नाही, तुझ्या कमाईत तर नाहीच.

आणि खरेदीदाराला हो-नाही काहीच सांगायच्या आधी तलाठ्याकडून त्या जागेचा ताजा सातबारा आण. कोकणातला सातबारा आहे, त्यावर पणजोबांच्या वेळची सामायिक नावं असणार, मुंबईतले चुलते असणार, लग्न होऊन गेलेल्या आत्या असणार. त्यातलं एकही नाव गाळून व्यवहार झाला तर पुढची 20 वर्षं कोर्टात जातील. ती नावं एका कागदावर लिहून काढ. गणपतीला सगळे घरी येतातच, तेव्हा तो कागद सगळ्यांसमोर ठेव, आणि त्या बैठकीत आईला ओट्यावर नको, सगळ्यांबरोबर बसव.